शनिवारची भुतावळ: पायलट भागाच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, 7 जून 2025

फाटे फुटायच्या आत मूळ ठरलेलं लिहून ठेवतो. 1970-80 च्या सुमारास अमेरिकेत शनिवारी सकाळी लागायची तशा कार्टूनचा एक भाग करायचा. पद्धत तेव्हाची, बंधनं तेव्हाची, बोली आपली. नायक म्हणून जुनी भुतावळ: ड्रॅक्युला, व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने जोडजाड करून उभा केलेला तो (त्याला मूळ पुस्तकात नावच नाही), लांडगामाणूस आणि ममी. लांबी साडेपाच मिनिटं. गोष्ट अमेरिकेतल्या एका लहान गावातच घडेल. ड्रॅक्युलाला पुणेरी पगडी घालायचा मोह टाळायचा आहे, कारण तो विनोद एका चित्रात संपतो.

तिघं आहोत. पटकथा आणि हालचाल माझ्याकडे. पार्श्वचित्रं वेंगुर्ल्याकडच्या मित्राकडे. आवाज, संगीत, संकलन ताईकडे. ताई म्हणजे माझी मावसबहीण, तिच्याकडे बरा माईक आहे आणि त्याहून बरा कान. सॉफ्टवेअर ओपनटून्झ. फुकट मिळतं, आणि त्यातली एक्स-शीट (कुठलं चित्र कुठल्या फ्रेमला दिसायचं याचा तक्ता) कागदावरच्यासारखी वरून खाली वाचता येते. रंगीत पार्श्वचित्रं क्रिटामध्ये.

बुधवार, 11 जून

संदर्भ पाहणं चालू आहे.

ही भुतं मुलांपर्यंत पोचली ती टीव्हीमुळे. 1957 च्या ऑक्टोबरात स्क्रीन जेम्स या टीव्ही-वितरण कंपनीने युनिव्हर्सल स्टुडिओचे 52 जुने भयपट आणि रहस्यपट 'शॉक' या नावाने गठ्ठ्याने टीव्ही केंद्रांना दिले. 1931 चा ड्रॅक्युला, 1931 चाच फ्रँकेन्स्टाइन, 1932 ची ममी. केंद्रं ते रात्री उशिरा लावायची आणि पोरं जागून बघायची. मग खेळण्यांचा धंदा जागा झाला. 1961 मध्ये ऑरोरा कंपनीने फ्रँकेन्स्टाइनचा प्लॅस्टिकचा जोडणी-संच काढला. 1964 च्या सप्टेंबरात आठवड्याच्या अंतराने 'अ‍ॅडम्स फॅमिली' आणि 'मन्स्टर्स' या भुताळ कुटुंबांच्या विनोदी मालिका सुरू झाल्या. म्हणजे ज्यांच्या धसक्याने आधीची पिढी थिएटरात किंचाळली, ते आता शेजारच्या बंगल्यात राहायला आले होते.

शनिवार सकाळचा क्रम असा: 1966 मध्ये सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर 'फ्रँकेन्स्टाइन ज्युनियर', तो खरं तर एका पोराने बनवलेला प्रचंड रोबो, नाव तेवढं उसनं. 1970 मध्ये फिल्मेशन या कार्टून स्टुडिओचे 'ग्रूव्ही गूलीज', यात भुतांचा चक्क बँड. आणि 1980 मध्ये 'ड्रॅक पॅक'. आमचा मुख्य नमुना हाच. 6 सप्टेंबर 1980 पासून सीबीएसवर, एकूण सोळा भाग, काम हॅना-बार्बेरा या कार्टून कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या स्टुडिओचं. ड्रॅक, फ्रँकी आणि हाउलर ही तीन पोरं पूर्वजांच्या पापांची भरपाई म्हणून लोकांची भली कामं करत हिंडतात. उजव्या मुठी एकमेकांवर आपटल्या की रूप पालटतं. वर सल्ला द्यायला खुद्द थोरला ड्रॅक्युला, त्याला सगळे 'बिग डी' म्हणतात. समोर निळ्या कातडीचा डॉक्टर ड्रेड आणि त्याची टोळी. त्या टोळीतही एक ममी आहे, म्हणजे भुतं दोन्ही पक्षांत.

पूर्वजांच्या पापाची भरपाई! आपल्याकडे एखाद्या गुरुजींनी तिघांना पितृदोष सांगून थेट त्र्यंबकेश्वरला धाडलं असतं आणि मालिका पहिल्याच भागात संपली असती.

सोमवार, 16 जून

ताईचा प्रश्न: "पण हे नायक झाले कसे? कुणाला दया आली?"

माझ्या मते दया नाही, नाइलाज. 1968 हे वर्ष बघायचं. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर टीव्हीवरच्या मारधाडीविरुद्ध ओरड वाढली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी चॅरन आणि इतर पालकांनी 'अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. शनिवार सकाळच्या हाणामारीच्या मालिका एकेक करून बाजूला गेल्या. फ्रँकेन्स्टाइन ज्युनियरही त्यातच गेला. पण भुतं खपत होती, ती सोडवेनात. मग दोन वाटा उरल्या. एक, भूत खोटंच असतं: 13 सप्टेंबर 1969 ला स्कूबी-डू सुरू झाला, तिथे शेवटी मुखवटा ओढला की आत एखादा लबाड माणूस निघतो. दुसरी, भूत खरं, पण ते आपल्या बाजूचं. दोन्हीकडे भूत राहतं आणि भीती जाते. नेटवर्कच्या मानक विभागाला (काय दाखवायचं, काय नाही हे तपासणाऱ्यांना) तेवढंच हवं होतं.

तिसरा पाहुणा नाश्त्याच्या टेबलावरचा. 1971 मध्ये जनरल मिल्सने काउंट चॉकुला आणि फ्रँकन बेरी ही दुधात घालून खायची दोन सीरियल बाजारात आणली आणि त्यांच्या जाहिराती याच सकाळच्या कार्टूनांमध्ये लागायच्या. रक्त पिणाऱ्याला चॉकलेटचं व्यसन लावलं की तो घरात चालतो. (जाता जाता: फ्रँकन बेरीतला लाल रंग पोटात पचत नव्हता. एका मुलाची शी गुलाबी-लाल झाली, आईबापांनी घाबरून दवाखाना गाठला, आणि 1972 मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला. त्या काळात भुताने मुलांना खरोखर घाबरवल्याचं मला सापडलेलं हे एकच उदाहरण.)

ताईला उत्तर पटलं नाही. "नाइलाजाने झालेला नायक चांगला वागतोच ना?" म्हणाली. हे डोक्यात ठेवायला हवं.

रविवार, 22 जून

आमची आचारसंहिता पक्की. ठोसा नाही. चावा नाही. आग नाही, दोरीने गळ्याशी काही नाही, कुणी मरत नाही. घरी मूल करून बघेल आणि हातपाय मोडून घेईल असं काहीही नाही. यालाच तिकडे 'मुलं अनुकरण करतील अशी कृती' म्हणून कात्री लागायची. खलनायकाला शेवटी शिक्षा व्हायची तर फजिती एवढीच.

हे वाचून वेंगुर्लेकर म्हणाला, "मग ड्रॅक्युला करणार काय? आरती?"

प्रश्न रास्त आहे.

शनिवार, 28 जून

गोष्ट सापडली, आणि ती बंधनांतूनच सापडली. शनिवार *सकाळ*. भुतं रात्रीची. आपण नायकांना उजेडात कामाला लावतोय, ही अडचण कथेच्या मध्यावर ठेवायची.

प्रोफेसर टळटळे. गॉगल, छत्र्या आणि आइस्क्रीमचा कारखानदार. फुग्याला टांगलेला प्रचंड आरसा आकाशात चढवतो आणि गावावर कायमची दुपार पाडतो. रात्रच होत नाही. धंदा तेजीत.

आता एकेकाचं बघू. उन्हात ड्रॅक्युला जळून खाक होतो ही कल्पना स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीत नाहीच. ती 1922 च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून आली. कादंबरीतला काउंट दिवसा फिरतो, फक्त त्याची शक्ती गेलेली असते. म्हणजे आमचा ड्रॅक्युला जळणार नाही, जाड काळ्या झग्यात घामाघूम होऊन रुमाल शोधत बसेल. लांडगामाणसाची तर बोंबच: पौर्णिमेचा चंद्र उगवल्याशिवाय तो नुसता एक भिडस्त कारकून आहे. (पौर्णिमेची अटही पुढे चिकटलेली. 1941 च्या मूळ चित्रपटातल्या कवितेत शरदातला तेजस्वी चंद्र आहे, तो 'पूर्ण' झाला 1943 च्या पुढच्या चित्रपटात.) ममीला उजेडाचं काही नाही, इजिप्तची आहे. आणि 'तो', त्यालाही फरक पडत नाही.

शेवट मात्र ड्रॅक्युलाच्या हातात दिला. टळटळे इतका संशयी की कुणाकडे पाठ वळवत नाही. सगळीकडे आरसे लावून त्यातच बघत बसतो. ड्रॅक्युला आरशात दिसत नाही. ही काही शक्ती नव्हे जी दिवसा जाईल, ही तर उणीव आहे, ती चोवीस तास असते. आणि याला पुरावा आहे. कादंबरीत काउंटकडे पाहुणा आलेला तरुण वकील हार्कर खिडकीशी छोटा आरसा टांगून दाढी करतोय, मागून काउंट त्याच्या खांद्यावर हात ठेवून "सुप्रभात" म्हणतो, आणि आरशात खोली दिसते पण काउंट नाही. सकाळची वेळ! मग काउंट तो आरसा खिडकीबाहेर भिरकावतो आणि खाली अंगणातल्या दगडांवर त्याचा चुरा होतो. आम्ही चुरा करणार नाही, काच फोडणं आचारसंहितेत बसत नाही. आमचा ड्रॅक्युला सगळ्या आरशांसमोरून आरामात चालत जाईल, फुग्याचं चक्र उलटं फिरवेल आणि रुमालाने हात पुसेल.

ममीची पट्टी सुटून शिडी होते, त्यावरून ड्रॅक्युला वर चढतो. 'त्या'ने तेवढा वेळ टळटळ्याला बोलण्यात गुंतवायचं.

गुरुवार, 3 जुलै

पात्रांचे आराखडे. इथे कायदा आधी.

मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी 1818 ची, स्टोकरची 'ड्रॅक्युला' 1897 ची. दोन्ही केव्हाच सर्वांच्या मालकीच्या झाल्या. पण लोकांच्या डोळ्यांसमोर जो फ्रँकेन्स्टाइन येतो तो पुस्तकातला नाही. सपाट टाळू, जड पापण्या, मानेला दोन्ही बाजूंना धातूचे खुंट, हे मेकअपकार जॅक पिअर्सने 1931 मध्ये नट बोरिस कार्लॉफच्या चेहऱ्यावर घडवलं, आणि ते युनिव्हर्सलचं आहे. त्यामुळे पुस्तक उघडलं. तिथे तो आठ फूट उंच, पिवळट कातडीचा, लांब काळेभोर चकचकीत केस, पांढरेशुभ्र दात, काळे ओठ. वाचताना एखाद्या उतारवयाला लागलेल्या रॉक गायकाचं वर्णन वाटतं. तसाच काढला. हिरवा रंग बाद.

दाराबाहेर 'त्या'च्या पादत्राणांचा जोड दिसायला हवा. वेंगुर्लेकराने काढून आणला तो हातभर लांब कोल्हापुरी वळणाच्या चपलांचा. अमेरिकन गावात हे काय? तर म्हणे, "आरवलीला वेतोबाला असल्याच चपला वाहतात. देव रात्री गावभर राखण करत फिरतो, चपला झिजतात. भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार, यात तुम्हाला एवढं नवल कसलं वाटतंय?" युक्तिवाद बिनतोड होता. चपला राहिल्या, पण एकाच दृश्यात आणि कोपऱ्यात.

मंगळवार, 8 जुलै

हिशेबाचा दिवस. साडेपाच मिनिटं म्हणजे 330 सेकंद, सेकंदाला 24 फ्रेम, एकूण 7,920. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तर 3,960 चित्रं, तीन फ्रेम धरलं तरी 2,640. माणूस एक. तेव्हा हॅना-बार्बेराला शरण जाणं भाग आहे.

1957 मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला तेव्हा विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि टीव्हीच्या तुटपुंज्या पैशात बसेल अशी काटकसर बसवली. त्यातली सर्वांत प्रसिद्ध युक्ती गळ्याची. योगी अस्वलाला कॉलर आणि टाय का? तर डोकं आणि धड वेगवेगळ्या सेलवर (चित्राच्या पारदर्शक पत्र्यांवर) ठेवता यावं म्हणून. धड स्थिर, बोलताना फक्त डोकं किंवा नुसतं तोंड बदलायचं, आणि जोड कॉलरखाली लपतो.

आता गंमत. ड्रॅक्युलाची ती उभी कॉलरसुद्धा युक्तीच आहे. कादंबरीत ती नाही. 1920 च्या दशकात नाटकात आली. नटाने प्रेक्षकांकडे पाठ केली की कॉलरमागे डोकं दिसेनासं व्हायचं आणि तो झग्यातून निसटून रंगमंचाच्या चोरदारातून खाली उतरायचा. रंगमंचावर डोकं लपवायला शिवलेली कॉलर आम्हाला साठ-सत्तर वर्षं जुन्या दुसऱ्या युक्तीसाठी आयती मिळाली. झगा बंद ठेवला की हातही काढायला नकोत. ड्रॅक्युला हा अ‍ॅनिमेटरसाठी देवमाणूस आहे.

या नजरेने चौघांची किंमत लावली. ममी सगळ्यांत स्वस्त: तोंड पट्ट्यांत, म्हणजे ओठ जुळवायचे नाहीत. मात्र पट्ट्यांच्या रेघा जास्त काढल्या तर प्रत्येक चित्रात त्या थोड्या सरकतात आणि पडद्यावर अंगावर मुंग्या चालल्यासारखं दिसतं. म्हणून एकूण सातच रेघा, ठरलेल्या जागी. 'त्या'चे लांब केस धडावर पडतात, त्यामुळे गळ्याचा जोड तिथेही झाकला जातो. लांडगामाणूस महाग. केसाळ कडा दर चित्रात वेगळी येते. बरं झालं गोष्टीत तो जवळजवळ पूर्ण वेळ कारकून आहे.

सोमवार, 14 जुलै

पाऊस. वीज गेली. कागदावर चालण्याची चक्रं काढली.

शुक्रवार, 18 जुलै

चालण्याची चक्रं झाली. ड्रॅक्युला चालत नाही, सरकतो: एकच चित्र, झग्याच्या खालच्या कडेला तीन चित्रांची लाट. 'त्या'चं चक्र मात्र मन लावून केलं, आठ चित्रांचं, प्रत्येक तीन फ्रेम धरून. म्हणजे बरोबर एका सेकंदात दोन पावलं. आठ फुटी माणसाला हे जलद वाटलं, म्हणून पाऊल टेकतं ते चित्र जास्त वेळ धरलं. लगेच वजन आलं. हालचाल वाढवून नाही, थांबवून वजन येतं. हे काटकसरीतच शिकायला मिळतं.

मागून सरकणारं पार्श्वचित्र एकच, दोन्ही टोकं जुळणारं: कुंपण, झाड, लाल झेंड्याची टपालपेटी, परत कुंपण. तीच पेटी परत परत जाते. लांडगामाणूस तिच्याकडे वळून एकदा बघतो. तेवढाच विनोद, बोलायचं काही नाही.

शनिवार, 26 जुलै

ध्वनिमुद्रण. 'त्या'चा आवाज मित्राच्या वडिलांचा. आयुष्यभर शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं, आवाज घरंगळत्या दगडासारखा.

चित्रपटांनी 'त्या'ला मुका केला. 1931 मध्ये तो नुसता गुरगुरतो, आणि कार्टूनांनी तेच उचललं: ताकद खूप, अक्कल कमी. शेलीचा 'तो' मात्र पानंच्या पानं बोलतो. म्हणून आमचा 'तो' ग्रंथिक मराठीत बोलतो. पहिलं वाक्य: "महोदय, आपण प्रत्यक्ष सूर्यास खोळंबवून ठेविले आहे. हे आपणांस शोभते काय?"

काकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर नेला. "अरे, राक्षस आहे की व्याकरणाचा तास?"

"काका, तो भाषा चोरून ऐकून शिकलाय. आणि पुस्तकं वाचून."

मग सगळं सांगावं लागलं. एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो, भिंतीच्या फटीतून घरातल्यांना बघतो. घरातली माणसं गरीब आहेत हे कळल्यावर त्यांच्या साठ्यातलं खाणं चोरायचं थांबवतो आणि रात्री रानात जाऊन लाकडं तोडून दाराशी आणून ठेवतो. घरातली मुलगी सकाळी दार उघडते आणि चकित होते. त्याच घरात एका परदेशी बाईला भाषा शिकवली जाते, तिच्यासोबत हाही भिंतीपलीकडून शिकतो. पुढे रानात एक चामडी पेटी सापडते, तीत मिल्टन, प्लूटार्क आणि गटेची पुस्तकं. नंतर नदीत वाहून जाणाऱ्या एका मुलीला तो उडी घालून वाचवतो. तिच्यासोबतचा माणूस बक्षीस म्हणून त्याला गोळी घालतो. 1931 च्या चित्रपटात याच्या नेमकं उलट आहे: तिथे तो छोट्या मारियाला तळ्यात टाकतो आणि ती बुडते. (त्याला वाटतं ती फुलांसारखी तरंगेल.)

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लाकडं आणून ठेवायचा?" आणि पुढची वाक्यं त्यांनी दरडावून म्हटलीच नाहीत, वर्गात चूक करणाऱ्या पोराला समजावतात तशी म्हटली. टळटळेच्या दृश्याचा सूरच बदलला. ताईने मला काचेपलीकडून भुवया उंचावून दाखवल्या.

तिचं जूनमधलं म्हणणं खरंच ठरतंय. मानक विभागाने दात काढले, जाहिरातदाराने हातात चॉकलेट दिलं, हे खरं. पण अनवधानाने का होईना, त्यांनी 'त्या'ला चित्रपटापेक्षा पुस्तकाच्या जवळ नेऊन ठेवलं. नुसतं बोलू द्यायचं तेवढं राहिलं होतं.

रविवार, 3 ऑगस्ट

तोंडांचा तक्ता. सात तोंडं. मिटलेलं (प, ब, भ, म). खालच्या ओठाला दात टेकलेलं (व). 'फ'चं काय करायचं यावर वेळ गेला: काका 'फळ' म्हणताना ओठ मिटतात, 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणताना दात लावतात. दोन्ही तोंडं ठेवली, कान सांगेल ते लावायचं. 'ळ' ला जीभ मागे वळते, ती समोरून दिसत नाही. 'ल'ची जीभ दिसते. टळटळे हे नाव ठेवताना याचा विचार केला नव्हता, पण फायदा झाला, त्याच्या नावाला जवळजवळ एकच तोंड पुरतं.

मंगळवार, 12 ऑगस्ट

रूपांतराचं दृश्य. चंद्र उगवतो, कारकुनाचा लांडगा होतो. 'ड्रॅक पॅक'मध्ये मुठी आपटण्याचं दृश्य परत परत वापरता यायचं: एकदा नीट काढायचं, मग दर भागात फुकट. आम्हीही भरपूर वेळ यावरच खर्च केला. शेपूट फुटते, मिशा येतात, आणि जाकिटाची बटणं एकेक करून पोटावर ताणली जातात. सुटत नाहीत. शेवटचं बटण तो पंज्याने लावायला बघतो, जमत नाही, हळूच झाडामागे जातो.

बुधवार, 27 ऑगस्ट

गणपती. काम बंद.

शुक्रवार, 12 सप्टेंबर

आवाज. हॅना-बार्बेराचे ते ओळखीचे 'बोइंग' आणि पळण्याचे ठेके त्यांच्या मालकीचे, म्हणून सगळे घरचेच. वटवाघळाचे पंख: ओली छत्री अर्धी उघड-मीट करून. कोरडी छत्री फार कडक वाजते. फुग्याचं चक्र: जुन्या शेवयांच्या यंत्राची मूठ, आवाज दोन सप्तकं खाली. ममीची पट्टी सुटताना: चिकटपट्टीचा रोल, पण हळू, जोरात ओढला की पार्सल फोडल्यासारखं वाटतं.

सुरुवातीच्या संगीतावर वाद. मला बाखची डी मायनरमधली तोकाता हवी होती, तीच ती भूतबंगल्यातली ऑर्गनची धून. ताई म्हणाली, ती सगळेच लावतात. तिने शोधून काढलं की 1931 च्या ड्रॅक्युलाच्या नामावलीला चायकोव्हस्कीचं 'स्वान लेक' आहे. ऑर्गन नाही, म्हणून पेटीवर, खालच्या सप्तकात, कपलर (सोबत दुसऱ्या सप्तकातला तोच सूर वाजवणारी सोय) लावून वाजवलं. भाता ओढल्याचा श्वास माईकमध्ये आला. ताईला तो काढायचा होता. मी ठेवायला लावला. ड्रॅक्युला उन्हात दमलाय, त्याचाच श्वास वाटतो.

पेरलेलं हसू (आधीच मुद्रित केलेला प्रेक्षकांचा हशा) घालायचं नाही यावर मात्र एकमत. स्कूबी-डूच्या पहिल्या भागांना ते होतं, आणि आज ऐकताना विनोदापेक्षा तेच भुताटकी वाटतं.

शनिवार, 20 सप्टेंबर

पहिली जोडणी. 5 मिनिटं 51 सेकंद. जास्त झालं. आरशांसमोरून ड्रॅक्युला चालत जातो ते दृश्य लांबलंय असं वेंगुर्लेकराचं मत. मी ते अजिबात कापणार नाही. सहा आरसे, प्रत्येकात खोली, खुर्ची, खिडकी, आणि त्यासमोरून झग्याची कड सरकत जाते. प्रतिबिंबात काही नाही. मारामारीला मनाई असताना मिळालेलं हे भागातलं सर्वांत उत्कंठेचं दृश्य आहे, आणि त्यात एकूण चार चित्रं आहेत. कापलं ते टळटळेच्या कारखान्याचं वर्णन. तसंही त्याला गॉगल विकताना दाखवलं की पुरे.

शनिवार, 4 ऑक्टोबर

लांबी 5:30 वर आली. रंग ताळमेळात. 'त्या'चा पिवळा संध्याकाळच्या पार्श्वचित्रांवर मळकट दिसत होता, तिथे एक पायरी उजळ केला. शीर्षकाची पाटी वेंगुर्लेकराच्या हातची, देवनागरी अक्षरांतून रक्त ठिबकण्याऐवजी आइस्क्रीम वितळतंय.

दुसऱ्या भागासाठी डबा वेगळा करून ठेवला: चालण्याची चक्रं, तोंडांचे तक्ते, रूपांतराचं दृश्य, टपालपेटीचं कुंपण. निम्मा भाग तिथेच झाला म्हणायचा.

ताईने विचारलं की 1931 चे ते दोन्ही चित्रपट 1 जानेवारी 2027 ला अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मोकळे होतात, मग तेव्हा मानेचे खुंट घालायचे का. ट्रेडमार्कचं झेंगट वेगळं राहतंच, पण ते नसतं तरी नको. सपाट टाळूचा माणूस काकांच्या आवाजात बोलेल असं वाटत नाही. शिवाय पिवळ्याचे सगळे तक्ते भरून तयार आहेत.